रेव्हरंड नारायण वामन टिळक : अल्पचरित्र

आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र देण्याचा प्रघात आहे, आणि तो पुरुष शक्यतो आपल्याच ज्ञातीतील असावा असा संकेतही आहे. यंदा संपादक मंडळाने हे काम प्रस्तुत लेखकाकडे सोपविले, तेव्हा लेखकाने सुचविलेले नाव ऐकून मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. त्यांचे आश्चर्य अस्थानी नव्हते. ज्या गृहस्थाने स्वतःची ज्ञाती सोडली व त्यापायी आप्तेष्ट दुरावून घेतले, त्याचे चरित्र ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत कोणत्या नात्याने द्यावयाचे, असा प्रश्न कोणालाही पडेल. मंडळाने अखेरीस संमती दिली याबद्दल त्यांचे आभार मानून या निवडीचे कारण प्रथम सांगतो.

लेखक पेशाने शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे पांडित्याचा दावा नाही. परंतु धाराशिव जिल्ह्यातील शाळांतून मराठी शिकविण्यात आयुष्य गेले. एके वर्षी वर्गात टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही घायाळ पक्षिणीवरील कविता चालली होती. वर्गात एक ख्रिस्ती मुलगा होता. त्याची आई परिचारिका होती व बदलीमुळे हे कुटुंब आपल्या भागात आले होते. कवीच्या नावामागे रेव्हरंड हा शब्द पाहून त्याने हात वर केला आणि हे कवी आमच्यापैकी होते की तुमच्यापैकी, असे विचारले. वर्ग हसला. लेखकाने कवी सर्वांचे असतात असे काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन पाठ पुढे नेला. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते, हे त्याच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते.

पुढे १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत आपल्या गावी, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एक ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाध्यक्ष व्हावा, याबद्दल काही ठिकाणी नाराजीचे सूर उमटले होते. ते वाचकांच्या स्मरणात असतीलच. गोरोबाकाकांच्या नावाने उभारलेल्या त्या साहित्यनगरीत श्रोत्यांमध्ये बसलेल्या लेखकाला त्या मुलाचा प्रश्न पुन्हा आठवला. फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. त्या मुलाला द्यावयाचे उत्तर मात्र अजून बाकी आहे. ते या चरित्राच्या निमित्ताने देण्याचा हा प्रयत्न आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. लोकमान्यांचे आडनाव तेच आणि कोकणही तेच, म्हणून पुष्कळ विद्यार्थी या दोघांची गल्लत करतात. शिक्षकांनी ती वेळीच दूर करावी. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने ते अत्यंत तापट, आणि नारायणाशी त्यांचे कधी जमले नाही. आई जानकीबाई मात्र भाविक, मृदू व काव्यप्रेमी होत्या. टिळकांच्या ठिकाणी जे जे कोमल होते, ते त्यांना मातेकडून मिळाले, असे त्यांची चरित्रे वाचताना वाटते. आणि संतापाचा वारसाही कोठून आला, हे शोधावे लागत नाही. नारायण अजून लहानच होता तोच मातेचे छत्र हरपले. त्यानंतर घरात त्याचे मन रमेना. घर सोडून तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले, थोडेफार इंग्रजी शिक्षणही घेतले. परंतु धाकट्या भावंडांचा भार अंगावर येऊन पडल्यामुळे शाळा अर्ध्यावर सोडावी लागली.

१८८० साली त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, सासरचे लक्ष्मी. वधू त्या वेळी अकरा-बारा वर्षांची होती. पुढची दहा-पंधरा वर्षे टिळक एका ठिकाणी स्थिर राहिले नाहीत. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक वा कीर्तनकार, परवा छापखान्यात, असा त्यांचा क्रम होता. बायकोला न सांगता निघून जावे, कोठून तरी पत्र पाठवावे, पुन्हा तिला आणावे. हातात पैसा आला की तो राहत नसे. बाजारास गेलेला हा गृहस्थ घरात लागणारा जिन्नस सोडून भलतीच वस्तू घेऊन परते, आणि दारी आलेला पाहुणा चूल पेटली आहे की नाही याचा विचार न करता पंक्तीस बसवी. अशा माणसाशी संसार करणे सोपे नव्हे. लक्ष्मीबाईंनी तो केला, आणि वृद्धपणी लिहिलाही. त्याविषयी पुढे येईलच.

नागपुरास आल्यावर काही काळ त्यांना स्थैर्य लाभले. आप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांनी आपल्या संस्कृत ग्रंथसंग्रहाचे काम त्यांच्याकडे सोपविले होते. याच काळात टिळकांनी ‘ऋषी’ नावाचे मासिक काढून त्यातून हिंदू धर्माचे विवेचन केले. या गोष्टीची विशेष नोंद करावयाची ती अशासाठी की, टिळक आपल्या धर्माविषयी अज्ञानी किंवा उदासीन होते म्हणून परधर्मात गेले, असा समज कोणी करून घेऊ नये. त्यांच्या मनात देशाच्या उन्नतीची तळमळ होती. मूर्तिपूजा आणि जातिभेद यांनी आपला समाज दुबळा केला आहे, असे त्यांचे मत बनत चालले होते, आणि सर्व देशाला जोडणारा एखादा नवा धर्म आपणच निर्माण करावा अशी विलक्षण आकांक्षाही ते बाळगून होते. तरुणपणी असली स्वप्ने पुष्कळांना पडतात. टिळकांना ती स्वस्थ झोपू देत नव्हती, एवढाच फरक.

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानास आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर आले. त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. दोन वर्षांच्या आत हा तरुण ख्रिस्ती होईल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. परंतु पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले होते, व शब्द पाळण्याची त्यांना सवय होती. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. शत्रूवरही प्रेम करावयास सांगणाऱ्या त्या अध्यायांनी त्यांचा ठाव घेतला. पुढची दोन वर्षे मनात युद्ध चालले होते. एका बाजूस पत्नी, लहानगा दत्तू, भावंडे, नोकरी. दुसऱ्या बाजूस पटलेले सत्य. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. त्या अशा घरातून आल्या होत्या की, त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याला सीमा नव्हती. पती जिवंत असून नसल्यासारखा, लोकांच्या नजरा, पदरी लहान मूल. सुमारे साडेचार वर्षे हे दांपत्य विभक्त राहिले. टिळक पत्रे लिहीत, भेटावयास येत, परंतु धर्म बदलण्याची बळजबरी त्यांनी कधी केली नाही. पुढे लक्ष्मीबाई मुलासह नगरास आल्या, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. प्रथम त्या आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवीत. राहुरीच्या वास्तव्यात मात्र जातिभेद हा माणसाने केला आहे, देवाने नव्हे, असा निर्णय त्यांच्या मनाने घेतला. पतीने सांगितले म्हणून हे घडले नाही, तर त्यांनी स्वतः विचार करून जात टाकली. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

साधारणतः चरित्रलेखक येथे येऊन थांबतात. जणू धर्मांतर झाले आणि चरित्र संपले. प्रस्तुत लेखकाच्या मते टिळकांची खरी कहाणी येथून पुढे आहे. एक समाज सोडून दुसऱ्या समाजात येणे हे कठीण खरे, परंतु त्यात आपल्या हातून नेमके काय व्हावयाचे आहे, हे शोधणे त्याहून कठीण.

नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मुख्य ठाणे. टिळकांची तेथील धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत अध्यापक म्हणून योजना झाली, आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. वरवर पाहता सर्व काही मार्गी लागले होते. परंतु ज्या समाजात ते आले होते तो कसा होता हे पाहिले पाहिजे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती लोक बहुतांशी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले, खेड्यापाड्यांतील दरिद्री, शतकानुशतके गावकुसाबाहेर राहिलेले होते. त्यांच्यात हा चित्पावन शास्त्री येऊन बसला. एवढा मोठा पंडित ख्रिस्ती झाला, ही वार्ताच कित्येकांना पुरेशी वाटत असावी. टिळकांना आपण कोणाच्या तरी विजयाची खूण व्हावे, हे मानवणारे नव्हते. पगार देणारा गोरा मिशनरी मायबाप, आणि हाताखालचा देशी माणूस लेकरू, ही रीतही त्यांना सलत असे. हे त्यांनी बोलूनही दाखविले, लिहूनही दाखविले. मिशनऱ्यांमध्ये त्यांचे जिवलग मित्र होते, हेही येथे सांगितले पाहिजे. एकतर्फी लिहिणे बरे नव्हे.

मग त्यांनी काय केले? ते रुसून परत गेले नाहीत. तसेच मिळालेल्या नोकरीत मान खाली घालून दिवसही काढले नाहीत. या समाजाला कशाची उणीव आहे, आणि ती भरून काढण्यासारखे आपणापाशी काय आहे, हे त्यांनी पाहिले. उणीव गाण्याची होती. त्या काळच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून भाषांतरित केलेली, व चालीही परदेशी. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीची पदे व कीर्तने रचून वाट पाडली होती, हे त्यांचे श्रेय विसरून चालणार नाही. परंतु जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आणि टाळमृदंग ऐकत वाढलेल्या माणसाला पोटातून गाता यावे, एवढा मोठा भांडार अजून तयार व्हावयाचा होता. टिळकांपाशी संस्कृताचे संस्कार होते, कीर्तनकाराचा अनुभव होता, ज्ञानोबा-तुकोबा जिभेवर होते, आणि मूळची काव्यशक्ती होती. घर सोडताना जे मागे राहिले असे लोकांना वाटत होते, तेच ते बरोबर घेऊन आले होते. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून, असे ते उघडपणे मानीत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या ग्रंथात त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत. खेड्यातल्या मंडळीत, जेथे पुस्तक वाचता येणारे दोघेतिघेच असत, तेथे ही पदे कानांवरून कंठात गेली. गोरोबाकाकांच्या तेरची परंपरा सांगणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील वाचकांना भजनाचे सामर्थ्य काय असते, हे फोडून सांगावयास नको.

त्यांचे कवित्व केवळ चर्चच्या भिंतींत अडकले नाही. मुले आणि फुले हे त्यांचे आवडते विषय. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’ इत्यादी काव्यांनी आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत त्यांना मानाचे स्थान मिळाले. १९०७ साली जळगावी कविसंमेलन भरले, त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून जाणती मंडळी थक्क झाली. तेच पुढचे बालकवी. टिळकांनी त्यांना पुत्रवत मानले आणि काही काळ नगरास आपल्या घरी ठेवून घेतले. ठोंबरे हिंदू होते व हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवले, त्यांच्याशी भांडले, त्यांच्यावर माया केली. या घरात दुष्काळातील अनाथ मुलांनाही आसरा मिळाला. घरधनी मुले आणीत आणि घरधनीण त्यांना पोसण्याची चिंता करी.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादकत्व टिळकांकडे आले. हे पत्र १८४२ पासून चाललेले, मराठीतील जुन्यात जुन्या पत्रांपैकी एक. त्यातून त्यांनी ख्रिस्ती माणूस हा हिंदी माणूसही आहे, त्याने देशाच्या सुखदुःखात सामील व्हावे, आणि हिंदी मंडळ्यांचा कारभार हिंदी लोकांनी करावा, या गोष्टी सतत मांडल्या. ज्या बांधवांना सोडून ते आले होते त्यांच्याशी त्यांचे वैर नव्हते. पण दोन्हीकडचे लोक त्यांच्याकडे काहीशा संशयाने पाहत, हेही खरे. इकडच्यांना ते बाटलेले वाटत, तर तिकडच्या काहींना पुरते न बदललेले.

साठीकडे झुकलेल्या माणसाने आता पेन्शनीचा विचार करावा, असे आपण म्हणू. टिळकांनी १९१७ साली मिशनच्या नोकरीचा व वेतनाचा त्याग केला. आपण जो ख्रिस्त सांगावयास निघालो तो संस्थेच्या व्यवहारात दूर राहिला, असे त्यांना वाटू लागले होते. संन्यस्त वृत्ती स्वीकारून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ती सर्वांना पटण्यासारखी नव्हती, व पटलीही नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोकरी सोडली तरी त्यांनी समाज सोडला नाही. ‘ज्ञानोदया’चे काम त्यांनी अखेरपर्यंत केले, आणि मंडळ्यांतून त्यांची पदे गाइली जातच होती.

या निर्णयाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. पगार गेला म्हणजे संसाराचे काय, हा प्रश्न पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात आला. १८९५ साली विचारले नव्हते, १९१७ सालीही फारसे विचारले नाही. आपल्या अंतरीची हाक ऐकणारी माणसे घरातल्यांची हाक पुष्कळदा ऐकत नाहीत. टिळकांविषयी नितांत आदर असूनही लेखकाला हा दोष झाकावासा वाटत नाही. लक्ष्मीबाईंनीही तो झाकला नाही.

दरबाराला दोन वर्षेही पुरती लाभली नाहीत. प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ तगला नाही. तथापि त्यांचे एक इंग्रज मित्र, जे. सी. विन्स्लो, यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन करून आश्रमी पद्धतीचे जीवन आरंभिले, आणि १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते. त्याचे दहा-अकराच अध्याय होऊन ते राहिले. ते पुरे कोणी केले? शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडून अक्षरे गिरविलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. त्या समाजात त्यांना आणताना कोणीही त्यांच्याकरिता काम ठरवून ठेवले नव्हते. पाळकाची पत्नी, एवढेच त्यांचे स्थान. परंतु विधवेपणी वसतिगृहातील मुलींची देखभाल करीत, मुलाबरोबर कराचीपर्यंत जात, त्यांनी आपली लेखणी आपणच शोधली. १९३४ पासून त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. आज मराठीतील उत्कृष्ट आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि हे म्हणताना वाचक ख्रिस्ती आहे की हिंदू, हे कोणी विचारीत नाही. टिळकांची कविता जुनी वाटेल, पण हे पुस्तक वाटणार नाही. त्यात विनोद इतका आहे की, रडताना हसू येते.

तर त्या मुलाच्या प्रश्नाला लेखक आज असे उत्तर देईल : टिळक तुमच्यापैकी होते. त्यांनी ते पूर्ण समजून, मोल देऊन पत्करले होते, आणि ते आमचे होते असे म्हणून त्यांना तुमच्याकडून काढून घेण्याचा अधिकार आम्हास नाही. मात्र तुमच्यात येऊन जे त्यांनी दिले, ते आमच्या घरातून आणले होते, म्हणून आम्हासही थोडा अभिमान वाटतो. तेवढा राहू द्यावा. तो मुलगा आता कोठे असेल ते ठाऊक नाही. त्याचे वय चाळिशीच्या पुढे गेले असेल. आपल्या ज्ञातीतील जी मुलेमुली आज पुण्या-मुंबईस वा परदेशी आहेत, आणि ज्यांच्या निवडलेल्या वाटेविषयी घरोघरी कुरबुर चालते, त्यांच्या आईवडिलांनीही हे चरित्र वाचावे, एवढ्यासाठी ते येथे दिले आहे.

ज्ञातिसंघाच्या वाचनालयात ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत आहे. तिची पहिली काही पाने सुटली आहेत. कार्यकारी मंडळाने ती बांधून घ्यावी, आणि शक्य झाल्यास आणखी एक प्रत विकत घ्यावी. कारण गेल्या वर्षी ती वाचावयास नेलेल्या तीन भगिनींपैकी दोघींना आपली पाळी येण्यासाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागले.